विषाणू आत शिरल्यावर पेशीतली संरक्षक जनुके चालू कशी होतात, आणि एरवी ती बंद का असतात?

मृण्मयी (कोथरूड)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. २०२४च्या जून-जुलैमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, महापालिकेची माणसे घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासू लागली, आणि तेव्हापासून वर्गात विषाणूंवरचे प्रश्न थांबलेले नाहीत. प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास आठवडा-दीड आठवडा लागतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मग त्याआधीच्या दिवसांत विषाणूला अडवते कोण, या प्रश्नाला इंटरफेरॉन (बाधित पेशी स्रवते ते, इतर पेशींना सावध करणारे प्रथिन) हे उत्तर देता येते. परंतु पाठ्यपुस्तकात त्याविषयी जेमतेम एक वाक्य आहे आणि तेवढ्यावर हुशार मुलांचे समाधान होत नाही.

पेशी तिच्या स्वतःच्या आरएनएने गच्च भरलेली असते. त्यात झिकासारख्या विषाणूचा आरएनए येऊन मिसळला, तर तो परका आहे हे ती कशावरून ओळखते? ही ओळख पटते पेशीद्रव्यात आणि जनुके तर असतात केंद्रकात, तेव्हा मधला निरोप कोण पोहोचवते? आणि मला सर्वाधिक छळणारा प्रश्न असा, की विषाणूला रोखणारी प्रथिने बनवणारी जनुके प्रत्येक पेशीत आहेतच, तर ती कायम चालू ठेवण्यात अडचण कोणती? उत्तरे वर्गात सांगता येतील इतकी सोपी असावीत अशी विनंती आहे. मात्र सोपेपणासाठी चुकीचे काही सांगू नये, अशीही विनंती आहे.

औंधकर

मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या घटना एकत्र आल्या आहेत. त्या आधी सुट्या केल्या, तर पुढचे बरेच सोपे होते. पहिली घटना विषाणू शिरलेल्या पेशीत घडते: ती संसर्ग ओळखते आणि इंटरफेरॉनचे जनुक चालू करते. दुसरी घटना घडते ती स्रवलेले इंटरफेरॉन ज्या पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसेल त्या पेशीत, मग तिच्यात विषाणू असो वा नसो. तिथे शेकडो विषाणूरोधक जनुके चालू होतात. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हातही लावत नाही. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७मध्ये लंडनमध्ये कोंबडीच्या गर्भावरील पटलाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूसोबत ठेवले, मग त्या तुकड्यांभोवतीचा द्रव ताज्या तुकड्यांना दिला, आणि त्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढेना. द्रवात जे काही होते त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. म्हणजे इतिहासात दुसरी घटना आधी हाती लागली. पहिलीचा उलगडा होण्यास पुढे जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

आता ओळखीविषयी. पेशी स्वतःचा संदेशवाहक आरएनए केंद्रकात तयार करते आणि बाहेर पाठवण्यापूर्वी त्याच्या आरंभीच्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवते. इतर प्रकारच्या बहुतेक आरएनएंची टोकेही छाटून नीटनेटकी केलेली असतात. त्यामुळे ज्याच्यावर तीन फॉस्फेट उघडेच राहिले आहेत असे टोक निरोगी पेशीच्या पेशीद्रव्यात सहसा आढळत नाही. विषाणू मात्र आपल्या आरएनएच्या प्रती पेशीद्रव्यातच काढू लागतो, आणि त्या घाईत अशी उघडी टोकेही तयार होतात व मूळ धागा आणि त्याची पूरक प्रत एकमेकांना चिकटून दुपेडी आरएनएही तयार होतो. रिग-आय नावाचे प्रथिन उघड्या फॉस्फेटांचे टोक असलेला दुपेडी तुकडा पकडते, तर त्याचे भावंड असलेले एमडीए-५ हे लांबलचक दुपेडी आरएनएवर ओळीने बसत जाते. रिग-आयचे हे काम जपानमधील ताकाशी फुजिता यांच्या गटाने २००४मध्ये दाखवले आणि टोकावरच्या तीन फॉस्फेटांचे महत्त्व २००६मध्ये स्पष्ट झाले. झिका आणि डेंग्यू यांच्या बाबतीत ही दोन्ही प्रथिने कामी येतात. विद्यार्थ्यांना सांगताना एक गोष्ट ठसवावी: इथे विषाणूचा आरएनए वाचून तो कोणाचा आहे हे ओळखले जात नाही. त्यातली अक्षरे कोणतीही असोत, तो कोणत्या रूपात आणि कुठे सापडला यावर निर्णय होतो. डीएनए असलेल्या विषाणूंच्या बाबतीत तर जागाच पुरावा ठरते. पेशीद्रव्यात डीएनए उघडा असण्याचे कारण नसते; तो दिसला की सीगॅस हे विकर (एन्झाइम) एक छोटा वर्तुळाकार रेणू तयार करते, तो स्टिंग या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि तिथून पुढचा मार्ग जवळपास सारखाच आहे. सीगॅसचा शोध २०१३चा, म्हणजे तुमचे आताचे विद्यार्थी तेव्हा बालवाडीच्या आसपास असतील.

निरोपाचा प्रवास असा होतो. रिग-आय एरवी मिटलेल्या स्थितीत असते, म्हणजे त्याचा संदेश देणारा भाग आत दडलेला असतो. आरएनए पकडल्यावर ते उघडते, आणि तो भाग तंतुकणिकांच्या बाहेरच्या पटलावर रोवलेल्या माव्ह्स या प्रथिनाला भिडतो. हे प्रथिन २००५मध्ये चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधले आणि चौघांनी त्याला चार वेगळी नावे दिली, त्यामुळे जुने लेख वाचताना जीव मेटाकुटीला येतो. माव्ह्सचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू तयार करतात; एकदा तंतू सुरू झाला की शेजारचे रेणूही त्यात ओढले जातात, म्हणून थोड्याशा आरएनएनेही मोठा परिणाम होऊ शकतो. या तंतूंवर टीबीके-१ हे विकर गोळा होते आणि ते आयआरएफ-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. फॉस्फेट जोडलेले आयआरएफ-३ जोडीने केंद्रकात शिरते, आणि तुम्ही विचारलेला निरोप्या हाच.

पण एवढ्याने इंटरफेरॉन-बीटाचे जनुक चालू होत नाही, आणि मला यातला सर्वात देखणा भाग इथेच वाटतो. या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा जेमतेम ५५ जोड्यांचा एक पट्टा आहे. त्यावर आयआरएफ-३ व त्याचे भावंड आयआरएफ-७, एनएफ-कप्पा-बी, आणि एटीएफ-२ व सी-जून यांची जोडी, असे तीन वेगवेगळ्या गटांतले रेणू एकमेकांशेजारी दाटीने बसावे लागतात. बँकेतला लॉकर जसा बँकेची आणि खातेदाराची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याखेरीज उघडत नाही, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे किल्ल्या तीन आहेत. एनएफ-कप्पा-बी जिवाणूंच्या संसर्गातही जागे होते, सी-जूनची जोडी अतिनील किरणांनीही जागी होते; परंतु तिन्ही एकाच वेळी जागी होणे हे प्रामुख्याने विषाणूंच्या संसर्गातच घडते, म्हणून उन्हात भाजलेली त्वचा उगाच इंटरफेरॉन-बीटा ओतत बसत नाही. टॉम मॅनियाटिस आणि दिमित्रिस थॅनोस यांनी १९९०च्या दशकात या रचनेचा उलगडा केला. हे रेणू बसल्यावर ते हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट चढवणारी विकरे बोलावतात. जनुकाच्या आरंभस्थानावर एक न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोनांभोवती गुंडाळलेला डीएनएचा फेरा, वाट अडवून बसलेला असतो. तो बाजूला सरकवला जातो आणि मग प्रतिलेखन, म्हणजे जनुकाची आरएनए-प्रत काढणे, सुरू होते. इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकात इन्ट्रॉन (प्रतीतून कापून टाकावे लागणारे मधले तुकडे) नाहीत, त्यामुळे कापणे-जोडणे हे कामही वाचते.

दुसरी घटना थोडक्यात सांगतो. इंटरफेरॉन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, ग्राहीच्या आतल्या बाजूला असलेली जॅक-१ आणि टिक-२ ही विकरे स्टॅट-१ व स्टॅट-२ यांना फॉस्फेट जोडतात, ही जोडी आयआरएफ-९ला सोबत घेऊन केंद्रकात जाते आणि एका ठरावीक डीएनए-खुणेपाशी बसून शेकडो जनुके चालू करते. आयआरएफ-७ हेही त्यांपैकीच एक असल्यामुळे पहिली घटना पुढच्या फेरीत अधिक जोरात होते. कायम चालू का ठेवत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकातील कोणी दिल्यास बरे होईल.

पेशीसंवर्धन (पाषाण)

औंधकरांनी केलेली दोन घटनांची फोड वर्गात पटवून देण्यासाठी माझ्या मते एकच उदाहरण पुरे आहे, आणि ते पुण्यातल्या विषाणू-प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. ते म्हणजे व्हेरो पेशी. जपानमधील चिबा विद्यापीठात १९६२मध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून ही पेशीमाला (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) तयार केली गेली. यासुमुरा आणि कावाकिता हे तिचे कर्ते. ह्या पेशींत अनेक विषाणू कमालीच्या सहजतेने वाढतात. २०२० साली आपल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआयव्हीने, करोनाचा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा केला तो व्हेरो पेशींतच, आणि त्यापासून पुढे तयार झालेल्या कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वाढवण्यात आला तोही व्हेरो पेशींतच.

या सहजतेचे एक मोठे कारण असे, की व्हेरोच्या बाराव्या गुणसूत्रावरचा सुमारे नव्वद लाख जोड्यांचा एक तुकडाच गहाळ आहे आणि पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनांची जनुके नेमकी त्या तुकड्यात होती. पेशी विभाजनाला लगाम घालणारी दोन जनुकेही त्याच तुकड्याबरोबर गेली. त्यामुळे व्हेरो पेशीत विषाणू शिरला की रिग-आय त्याला पकडते, आयआरएफ-३ केंद्रकात जाते, आणि तिथे चालू करायला जनुकच नसते. परंतु बाहेरून इंटरफेरॉन घातले, तर याच पेशी उत्तम प्रतिसाद देतात, कारण ग्राही, जॅक, स्टॅट हे सर्व शाबूत आहे. म्हणूनच एखाद्या द्रवात इंटरफेरॉन किती आहे हे मोजण्यासाठीही त्या वापरल्या जातात: स्वतः बनवत नाहीत, म्हणून मोजमापात भेसळ होत नाही. पहिली घटना अशक्य आणि दुसरी पूर्णपणे शक्य, अशी पेशी हातात असल्यावर या दोन घटना वेगळ्या आहेत हे आणखी कशाने सिद्ध करायचे?

मृण्मयी (कोथरूड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हेरोचे उदाहरण उद्याच वर्गात सांगणार आहे. त्यावरून दोन शंका निघाल्या. एका लेखात वाचले, की एकाच विषाणूचा संसर्ग झालेल्या, एकाच प्रकारच्या पेशी ताटलीत शेजारी शेजारी असल्या, तरी त्यांतल्या थोड्याच पेशी इंटरफेरॉन-बीटा बनवतात. वर सांगितलेली यंत्रणा इतकी नेमकी असेल, तर असे का व्हावे? दुसरे, झिका तरीही माणसाला होतोच. मग तो ही तटबंदी ओलांडतो कशी?

मुठाकाठ

पहिल्या शंकेपुरते लिहितो. निरीक्षण खरे आहे आणि ते आजचे नाही. एकेका पेशीत डोकावता येऊ लागल्यापासून ते पुनःपुन्हा दिसले आहे. माझ्या मते याचे मूळ योगायोगात आहे. केंद्रकात इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि तीन गटांतले रेणू योग्य क्षणी त्या छोट्याशा पट्ट्यावर एकत्र यावे लागतात. थॅनोस यांच्याच गटाने २००८मध्ये असे दाखवले, की संसर्गानंतर हे जनुक इतर गुणसूत्रांवरच्या काही ठरावीक जागांच्या सान्निध्यात येते, तिथून त्याला एनएफ-कप्पा-बी मिळते, आणि आरंभी बहुतेक वेळा दोहोंपैकी एकच प्रत चालू होते. ही गाठभेट झाली तर जनुक चालू होते, न झाली तर होत नाही. शिवाय असे असणे ऊतीच्या हिताचेही आहे. थोड्या पेशींनी स्रवलेले इंटरफेरॉन आसपासच्या सर्वांना पुरते. सर्वच पेशी ते बनवू लागल्या, तर त्याचा पूर येईल.

औंधकर

मुठाकाठ यांच्या म्हणण्यातला निरीक्षणाचा भाग मान्य आहे, परंतु सर्व भार योगायोगावर टाकणे मला पटत नाही. मॅनियाटिस यांच्या प्रयोगशाळेतूनच २०१२मध्ये असे पुढे आले, की रिग-आय, त्याला चेतवणारे ट्रिम-२५ आणि आयआरएफ-७ यांचे प्रमाण पेशीगणिक कमी-जास्त असते. ज्या पेशींत ते मुळात अधिक असते त्या पेशी इंटरफेरॉन बनवण्याची शक्यता जास्त असते, आणि हे घटक कृत्रिमरीत्या वाढवले तर इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशींचे प्रमाणही वाढते. म्हणजे जनुकापाशी पोहोचण्यापूर्वीच पेशी-पेशींत फरक पडलेला असतो. विषाणूही सारखे नसतात. घाईघाईत काढलेल्या प्रतींत काही अपुऱ्या, मधलाच भाग गळालेल्या अशा असतात. त्या धड वाढत नाहीत, पण रिग-आयला मात्र पूर्ण प्रतींहून अधिक जोमाने चेतवतात. इन्फ्लुएन्झावर एकेक पेशी तपासून केलेल्या अभ्यासांत असेही दिसले, की ज्या विषाणूंचे यंत्रणेला दडपणारे एनएस-१ हे प्रथिन बनत नव्हते त्यांनी बाधित केलेल्या पेशींत इंटरफेरॉन अधिक वेळा आढळले. तरी तेवढ्याने सर्व पेशींचा हिशेब लागला नाही, आणि जो उरला त्यात मुठाकाठ यांच्या योगायोगाला जागा आहे. ऊतीच्या हिताचा मुद्दा आकर्षक आहे. पण एखादी गोष्ट सोयीची ठरते, म्हणून ती त्यासाठीच निर्माण झाली असे म्हणताना मी जरा थबकतो.

एक अपवाद मात्र जरूर सांगावा. रक्तात प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक नावाच्या थोड्याशा पेशी असतात. आयआरएफ-७ त्यांच्यात आधीपासूनच भरपूर असते, आणि विषाणूचा आरएनए किंवा डीएनए गिळला की त्या पुटिकांमधील टीएलआर-७ व टीएलआर-९ या ग्राहींनी त्याला ओळखून प्रचंड प्रमाणात इंटरफेरॉन-आल्फा ओततात. त्यासाठी विषाणूने त्यांच्यात वाढावे लागत नाही.

झिकाविषयी: त्याचे एनएस-५ हे प्रथिन माणसाच्या स्टॅट-२ला पकडते आणि त्याची विल्हेवाट लावायला लावते. म्हणजे तो मुख्य घाव दुसऱ्या घटनेवर घालतो. इंटरफेरॉन आले, ग्राहीवर बसले, पण निरोप नेणाऱ्या जोडीतला एक भिडूच नाहीसा झालेला असतो. उंदराच्या स्टॅट-२वर ही युक्ती चालत नाही, म्हणून साध्या प्रौढ उंदराला झिका फारसा बाधत नाही, आणि झिकाच्या अभ्यासासाठी बहुधा इंटरफेरॉनचा ग्राहीच काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी २०२१मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा त्याच रुग्णाला चिकुनगुन्याही झालेला होता, आणि चिकुनगुन्याचा विषाणू याहून आडदांड आहे. त्याचे एनएसपी-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराचा मुख्य घटकच नष्ट करवते. एकेका जनुकाच्या मागे लागण्याऐवजी तो संपूर्ण प्रतिलेखन थांबवतो.

डॉ. शनवार

मी प्रतिकारशक्तीच्या विकारांचे रुग्ण पाहतो. कायम चालू का ठेवत नाहीत, या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

दुसऱ्या घटनेत चालू होणारी जनुके काय करतात हे पाहिले, की उत्तर बरेचसे मिळते. पीकेआर हे प्रथिन दुपेडी आरएनए दिसताच पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबवते, विषाणूची आणि स्वतःचीही. ओएएस आणि आरएनेज-एल ही जोडी आरएनएचे तुकडे करते, त्यात पेशीचा स्वतःचा रायबोसोमी आरएनएही कापला जातो. व्हायपेरिन आरएनए-साखळीत बसणारा एक खोटा घटक तयार करते, त्यामुळे विषाणूची प्रत मध्येच खुंटते. आयएफआयटीएम-३ विषाणूचे वेष्टन पेशीच्या पटलात मिसळू देत नाही. यांतले काही उपाय इतके कठोर आहेत, की विषाणूसोबत पेशीही मरते. म्हणून पीकेआरसारखी प्रथिने बनवली गेली, तरी दुपेडी आरएनए सापडेपर्यंत निष्क्रियच राहतात. काम झाल्यावर यंत्रणा मिटवण्याची सोयही त्याच जनुकांत आहे: यूएसपी-१८ हे प्रथिन इंटरफेरॉननेच चालू होते आणि ग्राहीवर बसून त्याची संवेदनक्षमता कमी करते.

ही यंत्रणा सतत चालू राहिली तर काय होते, याचे निसर्गानेच केलेले प्रयोग आम्ही पाहतो. आयकार्डी-गुतिए हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. ट्रेक्स-१ हे विकर पेशीद्रव्यातले डीएनएचे भटके तुकडे नष्ट करते. ते निकामी असलेल्या बालकांत सीगॅस स्वतःच्याच डीएनएवर चेतते. एडार-१ हे विकर पेशीच्या स्वतःच्या दुपेडी आरएनएत बारीक फेरफार करून त्याला एमडीए-५च्या नजरेतून वाचवते. ते निकामी असले तरीही परिणाम तोच. कोणताही संसर्ग नसताना बाळाच्या मेंदूत जन्मापासून इंटरफेरॉन वाढलेले असते, आणि त्याचे चित्र गर्भावस्थेतील विषाणू-संसर्गासारखे दिसते. हेपॅटायटिस-सीच्या उपचारात पूर्वी महिनोन्महिने इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात, तेव्हा ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी घटणे आणि काहींना गंभीर नैराश्य हे नेहमीचे होते. व्हायरल तापात अंग मोडून येते तेव्हा त्यातला बराच वाटा विषाणूचा नसून इंटरफेरॉनचा असतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात करोनाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनांना निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. लक्षणे नसलेल्या वा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत ती एकातही नव्हती. अशी प्रतिपिंडे सत्तरीनंतर अधिक लोकांत सापडतात. जनुके ठीक, रिग-आय ठीक, इंटरफेरॉनही बनते आहे, आणि ते ग्राहीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवले जाते.

उपचारांविषयी कोणी विचारेल, म्हणून आधीच लिहितो. एप्रिल २०२१मध्ये आपल्याकडे झायडसच्या पेगिलेटेड इंटरफेरॉन-आल्फाला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत मात्र रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन-बीटा देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत इंटरफेरॉन-लॅम्डाचा एकच डोस दिल्यावर रुग्णालयाची गरज भासणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. लॅम्डाचा ग्राही मुख्यतः श्वसनमार्ग आणि आतडे यांच्या अस्तरपेशींवर असतो, त्यामुळे बाकी शरीराला त्रास कमी होतो. माझे मत असे, की इथे औषधाच्या प्रकाराइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. ज्या दिवशी रुग्ण दाखल होतो त्या दिवसापर्यंत विषाणूची वाढ बहुधा ओसरू लागलेली असते, आणि शेजारच्या पेशींना सावध करण्याची वेळ टळून गेलेली असते.

कात्रज

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण धागा पूर्ण वाचला. झिका, डेंग्यू, चिकुनगुन्या हे तिन्ही डासाच्या शरीरातही वाढतात. मग डासाच्या पेशी इंटरफेरॉन बनवतात का? बनवत असतील, तर डास आजारी का पडत नाही?

पेशीसंवर्धन (पाषाण)

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला. डासांत इंटरफेरॉन नाही. ही यंत्रणा पृष्ठवंशीय प्राण्यांची आहे. सुरुवात मात्र ओळखीची वाटेल, कारण डासाची पेशीही दुपेडी आरएनएलाच हेरते. डायसर-२ हे विकर त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे करते, आणि तेच तुकडे वापरून दुसरे एक विकर विषाणूचा जुळणारा आरएनए शोधून कापत राहते. इथे, माणसाच्या पेशीहून वेगळे म्हणजे, विषाणूच्या आरएनएतली अक्षरे प्रत्यक्ष उपयोगाला येतात. याने विषाणू पूर्णपणे नष्ट होत नाही, पण आटोक्यात राहतो. म्हणून एडिस डासाची मादी एकदा बाधित झाली की उरलेले आयुष्य फारशी न खंगता विषाणू वाहत राहते.

यात पुण्याचा धागाही आहे. एनआयव्ही जेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने ओळखली जात होती, तेव्हा तिथे के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून पेशीमाला तयार केल्या आणि १९६७मध्ये त्यांविषयी लिहिले. त्यांतल्या अल्बोपिक्टसच्या पेशीमालेतून जपानमध्ये इगाराशी यांनी १९७८मध्ये सी-६/३६ हा उपप्रकार वेगळा काढला, कारण त्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू विशेष चांगले वाढत. ते इतके चांगले का वाढतात याचे एक कारण २०१०च्या सुमारास कळले: त्या पेशींत डायसर-२ नीट काम करत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू आजही मुख्यतः या सी-६/३६मध्ये किंवा व्हेरोमध्ये वाढवला जातो.